फेरिटिन उतरलं, यकृत सुधारलं, हृदय मागे राहिलं: थॅलेसेमियाच्या एका रुग्णाचं प्रकरण

भांडुपला राहणारी २४ वर्षांची एक मुलगी दोन्ही गुडघ्यांच्या एमआरआयसाठी आमच्या रेडिओलॉजी विभागात आली. अस्थिरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर मोजकंच लिहिलं होतं: थॅलेसेमिया मेजर (आयुष्यभर रक्त चढवावं लागणारा जन्मजात रक्तविकार), दोन्ही गुडघ्यांत वर्षभर वाढत चाललेली वेदना, सांध्यांत लोह साठलंय का ते पाहावं. गुडघ्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. पण या तपासण्यांतून हाती लागलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हृदयात होती. आणि हृदयासाठी जे औषध सर्वांत उपयोगी, तेच गुडघ्यांच्या दुखण्याच्या मुळाशी निघालं. त्यामुळे पुढचा प्रत्येक निर्णय चित्रं समोर ठेवूनच घ्यावा लागला.

हे प्रकरण सविस्तर मांडायचं ते थॅलेसेमियाचे रुग्ण, त्यांचे आईवडील आणि त्यांना वर्षानुवर्षं पाहणारे फॅमिली डॉक्टर यांच्यासाठी. रक्तातल्या फेरिटिनच्या आकड्याभोवती या घरांचं सगळं वेळापत्रक फिरत असतं. तो उतरला की घर हसतं, चढला की मुलांना बोलणी बसतात. फेरिटिन स्वस्त आहे, सगळीकडे होतं, आणि दर तीन महिन्यांनी करायलाच हवं. पण ते फार तर शरीरात एकूण लोह किती असेल याचा अंदाज देतं. लोह कुठे बसलंय हे ते सांगत नाही, आणि माणसाचं आयुष्य अवलंबून असतं ते या ‘कुठे’वर. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील इथे दिलेले नाहीत.

आधीची गोष्ट

आठव्या महिन्यात निदान झालं. कुटुंब मूळचं संगमेश्वरकडचं. थॅलेसेमिया हा सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांचा आजार, आपल्या कोकणातल्या माणसांत तो कुठून येणार, अशी वडिलांची तेव्हाची समजूत होती. या समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे हे खरं, पण म्हणून बाकीचे सुटले असं होत नाही. भारतात एकूण ३ ते ४ टक्के लोक या आजाराचे वाहक आहेत आणि त्यांत मराठी घरंही आहेत. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि वाहक कोण हे हिमोग्लोबिन ए-टू मोजणाऱ्या एका साध्या रक्ततपासणीत कळतं. धाकट्या भावाच्या वेळी गर्भातच तपासणी झाली. तो फक्त वाहक आहे.

मुलीला दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या रक्त लागतं. एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे वर्षाला ३४-३५ पिशव्यांमधून जवळपास ७ ग्रॅम लोह तिच्या शरीरात जातं. निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून लोह असतं ३ ते ४ ग्रॅम, आणि अन्नातून रोज शोषलं जातं जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. जादा लोह बाहेर टाकायचा कुठलाही मार्ग निसर्गाने शरीराला दिलेला नाही. तिचं वजन ४२ किलो. औषधांनी लोह काढलं नाही, तर दर वर्षी दोन धडधाकट माणसांचं लोह या ४२ किलोच्या शरीरात मुक्कामाला येणार.

लोह काढणारी तीन औषधं आपल्याकडे मिळतात आणि तिन्ही तिने घेतली होती. चौथ्या वर्षापासून बाराव्यापर्यंत डिफेरॉक्सामिन: पोटाच्या कातडीखाली बारीक सुई, कमरेला पंप, रात्रभर आठ ते दहा तास. लहान मूल रोज रात्री सुई टोचून घेत नाही, त्यामुळे आठवड्यातल्या दोन-तीन रात्री पंप लागायचा, बाकीच्या रात्री राहायचा. मग डिफेरिप्रोनच्या कॅप्सूल सुरू झाल्या. सतराव्या वर्षी गुडघे दुखायला लागले आणि त्या बंद झाल्या. पुढचं वर्षभर जवळजवळ काहीच नाही. एकोणिसाव्या वर्षी डिफेरासिरॉक्स सुरू झालं, तेही कॉलेजच्या धावपळीत आणि पोट बिघडण्याच्या कटकटीत अधूनमधून सुटत गेलं. फेरिटिन ४,२०० पर्यंत गेलं तेव्हा ती रक्त घेते त्या डे-केअरमधल्या डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं. तेव्हापासून तीन वर्षं मुलीने एकही दिवस गोळी चुकवली नाही. आमच्याकडे आली तेव्हा फेरिटिन १,७८० होतं.

या तीन वर्षांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. नोकरी, लोकलचा प्रवास, दर तीन आठवड्यांनी रक्त घेण्यासाठी अर्धा दिवस रजा, आणि तरी गोळी चुकली नाही. त्यामुळे पुढे जे दिसलं त्यात तिचा दोष नाही, हे अहवालाबरोबर तिला तोंडी सांगणंही आमचं काम होतं.

गुडघे

दुखणं जिना चढता-उतरताना वाढायचं. दादरला गाडी बदलताना पुलाच्या पायऱ्या उतरणं तिला सर्वांत जड जायचं. मांडी घालून बसणं सुटलं होतं. सकाळी सांधे आखडणं फारसं नव्हतं, ताप नव्हता, हातपायांचे छोटे सांधे दुखत नव्हते.

थॅलेसेमियाच्या रुग्णाचा सांधा दुखतो तेव्हा किमान चार शक्यता डोक्यात ठेवाव्या लागतात. सांध्याच्या आतल्या अस्तरात लोह साठून झालेली इजा. डिफेरिप्रोनमुळे होणारा सांध्याचा विकार. हाडाचा तुकडा रक्तपुरवठ्याअभावी मरणं. आणि हाडं मुळातच ठिसूळ झाल्याने पडलेल्या बारीक भेगा. लहानपणी डिफेरॉक्सामिन जास्त मात्रेत गेलं असेल तर हाडांच्या वाढीच्या टोकांवर आणि मणक्यांवरही परिणाम होतो. तोही पाहावा लागतो, पण तिच्या बाबतीत त्याच्या खुणा नव्हत्या.

आधी साधे एक्स-रे. मांडीच्या हाडाची खालची गोलाकार टोकं दोन्ही बाजूंना किंचित चपटी झालेली, त्यांच्या कडा खडबडीत. वाटीच्या खालच्या टोकाला चोचीसारखा आलेला हाडाचा भाग. दोन्ही गुडघ्यांत जवळपास सारखंच. हातांचा एक्स-रेही काढला, आणि त्यामागचं कारण थोडं समजावून सांगायला हवं.

लोह साठण्याचा दुसरा एक आजार आहे, हिमोक्रोमॅटोसिस. त्यात रक्त चढवलेलं नसतं. जनुकांतल्या दोषामुळे आतडंच गरजेपेक्षा जास्त लोह शोषत राहतं. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत तो बराच आढळतो. त्यासाठी मुख्यतः जबाबदार असलेलं एचएफई जनुक १९९६ साली सापडलं. त्या जनुकातला जो बदल तिकडे सर्रास दिसतो तो भारतीयांत विरळा आहे. हा आजार सांध्यांत आपली ओळख पटवतो तो हातांत: तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेले सांधे अरुंद होतात, तळहाताच्या हाडांच्या टोकांना अंगठ्याच्या बाजूने आकड्यासारखी वाढ येते, मनगटाच्या आणि गुडघ्याच्या कूर्चेत कॅल्शियमच्या बारीक रेषा दिसतात. मधुमेह, काळवंडलेली त्वचा आणि ही दोन बोटं, असा मध्यमवयीन रुग्ण समोर आला तर संधिवात म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या देण्याआधी ट्रान्स्फेरिन सॅच्युरेशन ही रक्ततपासणी करून घ्यावी. आमच्या रुग्णाच्या हातांत यातलं काहीच नव्हतं. हाडांचे मधले भाग रुंद आणि विरळ झालेले होते, ते थॅलेसेमियात मज्जा पसरल्यामुळे.

मग एमआरआय. कूर्चा जागोजागी जाड आणि ओबडधोबड होती. हाडाच्या पृष्ठभागाला जिथे खड्डे पडले होते तिथे कूर्चाच त्यात उतरून बसली होती. हे चित्र डिफेरिप्रोनच्या सांधेविकाराचं ओळखीचं चित्र आहे. हे औषध भारतात १९९०च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आहे, अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली २०११ साली. त्यामुळे त्याच्या सांधेदुखीचा अनुभव आपल्याकडच्या डॉक्टरांना फार आधी आला. मुंबईतल्या सुरुवातीच्या रुग्णांतच ती ठळकपणे नोंदली गेली होती.

निर्णय मात्र वेगळ्या एका गोष्टीवर फिरणार होता. विकार जुना आहे की अजून चालू आहे? चालू असता तर सांध्यात पाणी भरलेलं दिसलं असतं, आतलं अस्तर सुजून जाड झालेलं दिसलं असतं. तिच्या दोन्ही गुडघ्यांत पाणी नगण्य होतं आणि अस्तर पातळ होतं. ग्रेडियंट एको प्रकारच्या चित्रांवर लोह काळं, पसरट डागासारखं उमटतं. तसं अस्तरात अगदी थोडं दिसलं, इतक्या वेदनेचं कारण ठरावं एवढं नाही. हाड मेल्याची खूण नव्हती. म्हणजे सतराव्या वर्षी झालेली इजा भरून न येता तशीच राहिली होती, आणि रोजच्या उभ्या प्रवासाने तिला वाचा फुटली होती.

गुडघ्याच्या त्याच चित्रांत आणखी एक गोष्ट नजरेत भरत होती. चोवीस वर्षांच्या वयात गुडघ्याच्या टोकांतली मज्जा चरबीने भरलेली, उजळ दिसायला हवी. इथे ती गडद होती. रक्त तयार करणारी मज्जा पसरलेली होती आणि तिच्यात लोह मुरलेलं होतं. थॅलेसेमियात हे अपेक्षितच असतं. पण एवढी गडद मज्जा पाहिल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो: हृदयाचं टी-टू-स्टार, म्हणजे एमआरआयवर होणारी लोहाची मोजणी, शेवटचं कधी झालं?

आईने फाइल उघडली. दोन वर्षांपूर्वीचा एमआरआय होता, पण फक्त यकृताचा. त्यात यकृतात दर ग्रॅम कोरड्या वजनामागे ९ मिलिग्रॅम लोह होतं. सोनोग्राफीचे अहवाल भरपूर होते आणि सगळ्यांत ‘यकृत व प्लीहा वाढलेली’ एवढंच. सोनोग्राफीत लोह दिसत नाही. सीटी स्कॅनमध्ये लोहाने भरलेलं यकृत नेहमीपेक्षा पांढरं दिसतं, साधारण ७५ हाउन्सफील्ड युनिटच्या (सीटीवरचा पांढरेपणा मोजायचं एकक) वर. पण हृदयासाठी घेतलेल्या अमिओडॅरोन या औषधानेही तसंच होतं, आणि दर वर्षी मोजणी करायची तर क्ष-किरणांचा एवढा मारा तरुण मुलीवर का करावा? टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दर वर्षी नॉर्मल.

“हृदयाचं करायला कुणी सांगितलंच नाही,” आई म्हणाली. “यकृत सुधारतंय म्हटल्यावर आम्हाला वाटलं, सगळंच सुधारत असेल.”

हृदय

तिच्या रक्तविकारतज्ज्ञांशी फोनवर बोलून त्याच आठवड्यात हृदय, यकृत आणि स्वादुपिंडाचा टी-टू-स्टार अभ्यास केला.

ही मोजणी काय आहे ते थोडक्यात. साठलेलं लोह एमआरआयच्या चुंबकीय क्षेत्रात आपल्या भोवतीचं क्षेत्र बिघडवतं, त्यामुळे तिथल्या पाण्याकडून येणारा सिग्नल लवकर विझतो. एकाच श्वासात, साधारण दोनपासून अठरा मिलिसेकंदांपर्यंत वाढत्या अंतराने आठ वेळा चित्र घ्यायचं आणि सिग्नल किती वेगाने विझतो याचा आलेख काढायचा. त्यातून मिळणारा वेळ म्हणजे टी-टू-स्टार. लोह जितकं जास्त, तितका हा आकडा लहान. हे नीट लक्षात ठेवावं लागतं, कारण फेरिटिन वाचायची सवय लागलेल्या घरात कमी आकडा म्हणजे चांगली बातमी असाच अर्थ लागतो.

हृदयासाठी डाव्या जवनिकेच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) मध्यावरचं एकच आडवं चित्र पुरतं, पण मोजायचं ते दोन जवनिकांमधल्या पडद्यावरच. बाहेरच्या भिंतीला एका बाजूने फुप्फुसातली हवा आणि दुसऱ्या बाजूने शिरांमधलं रक्त चिकटून असतं. त्यांच्यामुळेही सिग्नल विझतो आणि लोह नसताना आकडा खाली येतो. अहवालात मोजणी कुठे केली हे लिहिलेलं नसेल, तर विचारून घ्यावं. यंत्राची ताकदही लिहिलेली असावी. २० आणि १० मिलिसेकंदांच्या ज्या सीमारेषा सगळे वापरतात त्या १.५ टेस्लाच्या यंत्रासाठी आहेत. ३ टेस्लाच्या यंत्रावर तेवढ्याच लोहाला टी-टू-स्टार जवळपास निम्मा येतो. दोन वेगळ्या यंत्रांवरचे आकडे एकाखाली एक लिहून ‘बिघडलं’ किंवा ‘सुधारलं’ म्हणणं धोक्याचं आहे. मुंबईत एमआरआयच्या यंत्रांची वाण नाही, पण हृदयाचं टी-टू-स्टार नेमाने करणारी ठिकाणं मोजकी आहेत. त्यातलं एक निवडावं आणि दर वर्षी तिथेच जावं.

आमच्या १.५ टेस्लाच्या यंत्रावर आकडे असे आले. यकृताचा टी-टू-स्टार ६.० मिलिसेकंद, म्हणजे दर ग्रॅममागे सुमारे ५.२ मिलिग्रॅम लोह. निरोगी यकृतात हे प्रमाण १.८ च्या खाली असतं, ७ पर्यंत सौम्य, १५ च्या वर गंभीर. दोन वर्षांत ९ वरून ५.२, म्हणजे औषध काम करत होतं. हृदयाचा टी-टू-स्टार: ८.६ मिलिसेकंद.

वीसच्या वर सुरक्षित, दहा ते वीस सावध राहायचं, दहाच्या खाली गंभीर. ही पद्धत लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलातल्या गटाने २००१ साली मांडली. पुढे २००९ साली ब्रिटनमधल्या ६५२ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं, की वर्षभरात ज्यांचं हृदय निकामी होऊ लागलं त्यांपैकी ९८ टक्के जणांचा टी-टू-स्टार दहाच्या खाली होता. थॅलेसेमियात मृत्यूचं प्रमुख कारण वर्षानुवर्षं हृदयातलं लोह हेच राहिलं आहे. ही मोजणी आणि तिच्या आधारे बदललेले उपचार आल्यानंतर ब्रिटनमध्ये लोहामुळे होणारे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी घटले.

“पण मला तर धाप लागत नाही,” ती म्हणाली. खरंच लागत नव्हती. हृदयाची आकुंचनशक्ती एमआरआयवर ५८ टक्के आली, जी कुठल्याही अहवालात नॉर्मल म्हणून छापली जाईल. पण रक्त कमी असल्यामुळे थॅलेसेमियाच्या रुग्णाचं हृदय नेहमीच जास्त जोराने काम करत असतं आणि त्यांची नॉर्मल पातळी इतरांपेक्षा वर असते. तिच्यासाठी ५८ म्हणजे खालची कड. शिवाय आकुंचनशक्ती घसरते ती उशिरा. लोह त्याच्या कितीतरी आधी येऊन बसलेलं असतं. एको नॉर्मल असल्याचा दिलासा इथे कामाचा नाही.

मग यकृत सुधारत असताना हृदय एवढं मागे कसं? यकृत हे लोहाचं मुख्य गोदाम आहे: माल तिथे आधी भरतो आणि उपसा सुरू झाला की आधी तिथलाच जातो. हृदयात लोह उशिरा शिरतं. रक्तातल्या वाहक प्रथिनांची क्षमता संपली की मोकळं फिरणारं लोह हृदयाच्या पेशींत कॅल्शियमच्या दारांतून घुसतं. औषधात खंड पडला, भले तो काही आठवड्यांचा असो, की हे मोकळं लोह लगेच वाढतं. तिच्या किशोरवयातलं ते रिकामं वर्ष आणि त्यानंतरची अर्धवट वर्षं हृदयात जमा होती. नियमित उपचाराने यकृत महिन्यांत हलकं होतं. हृदयाला वर्षं लागतात. ज्याने नुकताच जोर लावून लोह उतरवलं आहे त्याच्याच बाबतीत फेरिटिन आणि यकृत सर्वांत जास्त फसवतात, कारण ते आजचा हिशेब दाखवतात आणि हृदय जुना.

बाकीच्या अवयवांचं थोडक्यात. स्वादुपिंड स्पष्टपणे गडद होतं. स्वादुपिंडात लोह असेल तर हृदयात असण्याची शक्यता वाढते, असा अनुभव आहे. साखरेची तपासणी केली तर ती मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. प्लीहा आणि मणक्यांची मज्जा दोन्ही गडद, जे चढवलेल्या रक्तातून आलेल्या लोहाचं लक्षण. हिमोक्रोमॅटोसिसमध्ये प्लीहा सहसा वाचलेली असते, आणि पोटाच्या एमआरआयवर या दोन आजारांत फरक करायला तेवढी एक गोष्ट बरंच काही सांगून जाते. पाळी दोन वर्षांपासून अनियमित होती, म्हणून मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीचाही एमआरआय झाला. पुढचा भाग थोडा गडद होता. ती अंतःस्रावतज्ज्ञांकडे गेली.

पेच

टी-टू-स्टार दहाच्या खाली असेल तर एका औषधावर भागत नाही. ज्या जोडीवर सर्वांत जास्त भरवसा आहे ती म्हणजे डिफेरॉक्सामिनचा पंप आणि सोबत डिफेरिप्रोन. डिफेरिप्रोनचा रेणू लहान, तो हृदयाच्या पेशींत सहज शिरतो आणि तिथलं लोह बाहेर काढतो. नेमकं तेच औषध गुडघ्यांमुळे सात वर्षांपूर्वी बंद केलं होतं.

रक्तविकारतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ आणि आम्ही एकत्र बसलो. एक मत असं होतं की पंप आणि डिफेरासिरॉक्स यांची जोडी द्यावी, गुडघ्यांना धक्का नको. हे मत चुकीचं नव्हतं. पण आकडा ८.६ होता आणि वेळ हातात किती आहे ते कुणालाच सांगता येत नव्हतं. इथे गुडघ्यांच्या एमआरआयने पारडं झुकवलं: इजा जुनी आहे, आत्ता सूज नाही. चालू विकार असता तर डिफेरिप्रोन पुन्हा देणं योग्य ठरलं नसतं. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे, की गुडघ्याची हानी मोजत मोजत पुढे जाता येतं, हृदयाच्या बाबतीत तेवढी उसंत मिळत नाही.

निर्णय मुलीसमोर मांडला. तिने सगळं ऐकून घेतलं, पंप पुन्हा लागणार म्हटल्यावर थोडा वेळ गप्प राहिली, आणि मग विचारलं, “गुडघे परत दुखले तर औषध बंद कराल की मला सांगाल सहन कर म्हणून?” उत्तर असं ठरलं, की दुखलं तर त्याच आठवड्यात एमआरआय करायचा आणि चित्र पाहून मात्रा ठरवायची. सहन कर असं कुणी म्हणणार नाही.

डिफेरॉक्सामिन दर किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम, आठवड्याचे सातही दिवस, शक्य तितके जास्त तास. डिफेरिप्रोन त्याच हिशेबाने, दर किलोमागे रोज ५० मिलिग्रॅमपासून, तीन महिन्यांनी ७५. या औषधाने पांढऱ्या पेशी अचानक कोसळू शकतात, म्हणून दर आठवड्याला रक्ताची मोजणी, आणि ताप आला तर गोळी थांबवून थेट रुग्णालय. डिफेरासिरॉक्स बंद. गुडघ्यांसाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि कार्यालयात विनंती करून गर्दीच्या वेळा टाळणं.

सातव्या महिन्यात डावा गुडघा सुजला. ठरल्याप्रमाणे एमआरआय झाला: पाणी भरलेलं, अस्तर जाड झालेलं, पण हाडाचे खड्डे आणि कूर्चा आधीइतकीच. डिफेरिप्रोनची मात्रा ७५ वरून ५० वर आणली. काही आठवड्यांत सूज ओसरली आणि औषध पूर्ण बंद करावं लागलं नाही.

चौदा महिन्यांनी त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने पुन्हा मोजणी केली. हृदयाचा टी-टू-स्टार ८.६ वरून ११.३. आकुंचनशक्ती ६३ टक्के. यकृताचा टी-टू-स्टार ११, म्हणजे दर ग्रॅममागे २.८ मिलिग्रॅम. फेरिटिन ९२०. हृदय गंभीर पट्ट्यातून बाहेर आलं, पण वीसपासून अजून दूर आहे.

आणि इथे पुढचा प्रश्न उभा राहिला आहे. डिफेरॉक्सामिनची रोजची सरासरी मात्रा, दर किलोमागे मिलिग्रॅममध्ये, भागिले फेरिटिन हा भागाकार ०.०२५ च्या खाली राहावा लागतो. त्यावर गेला तर कान आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. सुरुवातीला तो ०.०२२ होता. फेरिटिन ९२० वर आल्यावर तीच ४० ची मात्रा ०.०४३ होते. म्हणजे यकृत रिकामं होत आल्यामुळे पंपाची मात्रा २३ च्या आसपास उतरवणं भाग आहे, आणि हृदयाचं उरलेलं काम मुख्यतः डिफेरिप्रोनवर पडणार आहे. श्रवणचाचणी आणि डोळ्यांची तपासणी झाली, दोन्ही ठीक आहेत. डिफेरिप्रोन ५० वरून ६० वर नेलं आहे. गुडघ्यांचा पुढचा एमआरआय तीन महिन्यांनी आहे. सूज नसेल तर मात्रा पुन्हा ७५ करायची, असेल तर ६० वरच थांबून हृदयाची पुढची मोजणी वर्षाऐवजी सहा महिन्यांनी करायची, असं चारही विभागांनी तिच्याशी बोलून ठरवलं आहे.